दाणा माणसाला, कडबा बैलाला: कर्बोदकं समजून घेताना

हुरडा गोड लागतो. पण तेच कणीस शेतात तसंच राहू दिलं आणि दाणा कडक झाल्यावर तोंडात टाकला, तर गोडी गेलेली असते. केळ्याचं नेमकं उलटं. कच्चं केळं तुरट आणि पिठूळ, भाजीच्या नाहीतर वेफर्सच्या कामाचं. चार दिवस घरात राहिलं की तेच गोडमिट्ट होतं. दोन्हीकडे बाहेरून कुणी साखर घातलेली नाही की काढून घेतलेली नाही. हुरड्याच्या दाण्यात पानांकडून आलेली साखर अजून बरीचशी सुटी असते. दाणा भरत जातो तशी ती एकमेकींना जोडली जाते आणि स्टार्च होऊन साठते. केळ्यात आधीच साठलेला स्टार्च पिकताना तुटतो आणि त्याची पुन्हा साखर होते.

कर्बोदकांबद्दल हल्ली जे कानावर पडतं त्यात हा जोडण्या-तोडण्याचा भाग कुठेच नसतो. 'भात बंद कर', 'कार्ब्ज वाईट', 'गूळ चालतो', 'ज्वारी खा, शुगर वाढत नाही' अशी एकेक वाक्यं असतात. पण भात, उसाचा रस, पालेभाजीचा चोथा आणि अंगातला सुती सदरा ही सगळी एकाच घराण्यातली मंडळी आहेत. आत सापडणारा घटक बहुतेक वेळा तोच, ग्लुकोज. तो कसा जोडलेला आहे आणि कशात बंद आहे, यावर पोटात गेल्यावर त्याचं काय होणार ते ठरतं.

तोच मणी, वेगळी ओवणी

झाडाचं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी वर पाठवलेलं पाणी घेतं आणि उन्हाच्या ऊर्जेवर त्यांची साखर बनवतं. ग्लुकोजच्या एका रेणूत सहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजनचे अणू असतात. फळांत आणि मधात भरपूर असणारं फ्रुक्टोज आणि दुधातल्या साखरेत सापडणारं गॅलॅक्टोज यांतही अगदी हेच आणि इतकेच अणू असतात, फक्त मांडणी वेगळी.

या एकेरी साखरांच्या जोड्या लागल्या की ओळखीची नावं येतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून आपली डब्यातली साखर, म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज मिळून दुधातलं लॅक्टोज. दोन ग्लुकोज मिळून माल्टोज. मोड आलेल्या धान्याला जी हलकी गोडी असते त्यात याचा वाटा मोठा.

मग येतात लांबच्या लांब साखळ्या. शेकडो-हजारो ग्लुकोज मण्यांसारखे ओवले की स्टार्च तयार होतो. त्याचे दोन प्रकार एकत्र नांदतात: फारशा फांद्या नसलेलं अमायलोज आणि फांद्याच फांद्या असलेलं अमायलोपेक्टिन. बहुतेक धान्यांत पहिलं २० ते ३० टक्के आणि बाकी दुसरं. भात मोकळा होणार की चिकट, हे बऱ्याच अंशी या प्रमाणावर ठरतं. आसामच्या बोरा तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच, म्हणून तो लगद्यासारखा चिकटतो. फांद्या जास्त म्हणजे टोकं जास्त, आणि पचवणाऱ्या रसांना एकाच वेळी अनेक ठिकाणी काम सुरू करता येतं. त्यामुळे असा स्टार्च सहसा लवकर पचतो.

आता ज्वारीचं अख्खं ताट डोळ्यांसमोर आणा. वरचा दाणा आपण खातो, खालचा कडबा बैलाला जातो. दाण्यात स्टार्च आणि कडब्यात मुख्यतः सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजचेच. फरक एवढाच, की सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचा मणी आधीच्याच्या तुलनेत उलटा करून बसवलेला असतो. त्यामुळे साखळी सरळसोट राहते, शेजारच्या साखळ्यांना घट्ट बिलगते आणि ताठ धागे होतात. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. आपल्या पाचक रसांतली विकरं, म्हणजे एन्झाइम, सरळ जोडणी कापू शकतात. उलट्या जोडणीला ती हातही लावू शकत नाहीत. म्हणून ग्लुकोजने भरलेला कडबा समोर असूनही माणूस उपाशी राहील.

गंमत अशी, की बैलालाही तो स्वतःहून पचत नाही. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात राहणारे सूक्ष्मजीव सेल्युलोज तोडतात आणि आंबवून त्याची लहान आम्लं करतात. बैल जगतो ती आम्लं शोषून. त्याच्या रक्तात जे ग्लुकोज असतं ते बहुतांशी त्याच्या यकृताने त्यातल्याच एका आम्लापासून नव्याने बनवलेलं असतं. आपल्या पोटातही असे भाडेकरू आहेत, पण मोठ्या आतड्यात, पार शेवटच्या टप्प्यावर. त्यांच्याकडे पुढे येऊच.

चीक घाटताना नेमकं काय होतं

स्टार्च म्हणजे काय हे पाहायचं असेल तर कुरडयांच्या तयारीसारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, गाळायचे आणि ते पांढरं पाणी रात्रभर निवळू द्यायचं. सकाळी वरचं पाणी ओतलं की तळाशी चीक बसलेला. स्टार्च थंड पाण्यात विरघळत नाही, त्याचे सूक्ष्म घट्ट कण असतात, आणि जड असल्यामुळे ते खाली बसतात. साखर असती तर ती वरच्या पाण्याबरोबर गेली असती.

हा चीक आधणात ओतून घाटायला लागलं की साधारण ६० अंशांच्या पुढे कण पाणी पिऊन फुगायला लागतात, आतली घट्ट रचना मोडते, साखळ्या बाहेर पसरतात. पातळ दुधासारखं पाणी पाहता पाहता दाट आणि अर्धपारदर्शक होतं, आणि घाटणारीचा हात भरून येतो. भात शिजतो, बटाटा उकडतो, भाकरी भाजते तेव्हाही हेच होत असतं. कच्च्या कणांत शिरायला विकरांना फार वेळ लागतो. शिजलेल्या स्टार्चमध्ये त्यांना सगळीकडून वाट मिळते. माणसाने अन्न शिजवायला सुरुवात केली तेव्हा त्याच कंदातून आणि दाण्यातून त्याला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा मिळू लागली असणार.

गार झाल्यावर गोष्ट थोडी मागे फिरते. पसरलेल्या साखळ्या, विशेषतः अमायलोजच्या, पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट जुड्या करतात. शिळी भाकरी कडक होते ती केवळ पाणी उडून गेल्यामुळे नाही. डब्यात झाकून ठेवली तरी होते. या नव्याने जुळलेल्या स्टार्चपैकी काही भाग आपल्या विकरांना दाद देत नाही आणि न पचता पुढे मोठ्या आतड्याकडे जातो. शिळा भात किंवा शिळी भाकरी 'साखर वाढवत नाही' हा जो प्रचार फिरतो त्याच्या मुळाशी हेच खरं आहे. फक्त हा भाग लहान असतो. शिळ्या भातातला बहुतेक स्टार्च ताज्यासारखाच पचतो, तेव्हा शिळा म्हणून दुप्पट खाण्याची मुभा कुणी दिलेली नाही. आणि भात गार करायचाच तर तो फ्रीजमध्ये करावा. खोलीच्या उष्णतेत तासन्‌तास राहिलेल्या भातात उलट्या-जुलाब करवणारे जंतू वाढतात.

घास ते रक्त

भाकरीचा कोरडा तुकडा गिळण्याची घाई न करता चावत राहा, थोड्या वेळाने गोडसर लागायला लागेल. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडायला तिथेच सुरुवात करतं. जठरातल्या आम्लात ते निकामी होतं. उरलेलं मोठं काम लहान आतड्यात स्वादुपिंडाकडून येणारं अमायलेज करतं. त्यातून निघालेले छोटे तुकडे, आणि सुक्रोज-लॅक्टोजसारख्या जोड्या, आतड्याच्या आतल्या अस्तरावर बसलेली विकरं तोडतात. अस्तरातून आत जातात त्या फक्त एकेरी साखरा. पुरणपोळी असो की सफरचंद, या दारातून एकेकानेच आत जायचं.

लॅक्टोज तोडणारं लॅक्टेज बाळाच्या आतड्यात भरपूर असतं. पण जगातल्या बहुसंख्य माणसांत लहानपण सरल्यावर ते कमी होत जातं. मग दूध प्यायल्यावर न तुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, तिथे आंबतं, आणि पोट गुबारतं. हा आजार म्हणण्यापेक्षा सस्तन प्राण्यांचा सर्वसाधारण नियम आहे. मोठेपणीही दूध सहज पचणं हाच अपवाद. दह्या-ताकाचा त्रास अशा लोकांना कमी होतो, कारण विरजणातल्या जंतूंनी लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवलेला असतो आणि उरलेला तोडायलाही ते हातभार लावतात.

ग्लुकोज आतड्याच्या पेशीत कसं शिरतं, हे ऐकायला किचकट आणि कंटाळवाणं वाटतं. पण त्या एका माहितीने लाखो मुलं वाचली आहेत, म्हणून इथे जरा थांबू. पेशीच्या भिंतीत एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजला एकट्याला आत घेत नाही, सोबत सोडियम लागतं. दोघं हजर असतील तरच दार उघडतं, आणि दोघं आत गेले की त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने ही कल्पना १९६० मध्ये प्राग इथल्या परिषदेत मांडली. पुढे ध्यानात आलं की कॉलऱ्यात आतड्यातून पाणी धो-धो बाहेर पडत असतानाही हे दार शाबूत असतं. नुसतं पाणी पाजलं तर ते अंगी लागत नाही, नुसतं मीठ-पाणीही नाही. पण मीठ आणि ग्लुकोज बरोबर दिलं, तर ते पाण्याला घेऊन आत जातात.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत कॉलरा पसरला. बनगावला डॉ. दिलीप महालनबीस काम करत होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं होतं. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांची पुडकी बनवून घेतली, पाण्यात कालवून ड्रम भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते घोट-घोट पाजायला लावलं. आधी ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली चार टक्क्यांच्या खाली आलं. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाला शतकातली वैद्यकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची प्रगती म्हटलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण २०२३ मध्ये, मरणोत्तर. देशाला आठवण यायला उशीर झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजच्या ओआरएसच्या पुडीत एका लिटरसाठी १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. पुडी नसेल तेव्हा एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे चमचे चहाचे. साखर चालते, कारण तिचं अर्धं अंग ग्लुकोजच आहे. पण 'अशक्तपणा आलाय, जरा गोड जास्त करू' हे करायचं नाही. आतड्यात साखर फार झाली की पाणी आत जाण्याऐवजी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. जुलाब होणाऱ्या मुलाला कोल्ड्रिंक देऊ नये ते याचसाठी.

रक्तात एक चमचा

जेवणाआधी निरोगी माणसाच्या अख्ख्या रक्तात, म्हणजे जवळपास पाच लिटरमध्ये, ग्लुकोज किती असतं? चार-पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा. आणि वाटीभर भात, दोन पोळ्या, वरण, गोडाचा एखादा घास असं जेवण झालं की त्यातून ८०-१०० ग्रॅम ग्लुकोज काही तासांत याच रक्तातून जाणार असतं. तरीही साखर फार चढत नाही, हे रोज घडणारं काम किती अचूक आहे याची कल्पना मला या दोन आकड्यांवरून येते.

हे सांभाळतं मुख्यतः इन्सुलिन. स्वादुपिंडातून ते सुटलं की स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज आत घेणारे वाहक आपल्या पृष्ठभागावर आणतात, आणि यकृत स्वतःकडून साखर सोडणं थांबवतं. आत आलेल्या ग्लुकोजपैकी काही लगेच वापरलं जातं, बाकी ग्लायकोजेन होऊन साठतं. ग्लायकोजेन म्हणजे प्राण्यांचा स्टार्च, अमायलोपेक्टिनहून जास्त फांद्यांचा. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये तो यकृतातून वेगळा काढला. यकृतात सुमारे १०० ग्रॅम मावतो, सगळ्या स्नायूंत मिळून साधारण ४०० ग्रॅम. यकृताचा साठा सगळ्या शरीरासाठी, रात्री आपण झोपलेले असताना हळूहळू रक्तात सुटतो. स्नायूचा साठा मात्र फक्त त्या स्नायूसाठी. तो उधार मिळत नाही. कोठारं भरल्यावरही साखर येतच राहिली तर यकृत तिच्यातून चरबी बनवू लागतं.

मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. लाल रक्तपेशींना तर दुसरं इंधन चालतच नाही. म्हणून खाणं थांबलं तरी शरीर रक्तातली साखर संपू देत नाही: आधी यकृताचा साठा, मग प्रथिनांपासून आणि चरबीतल्या ग्लिसरॉलपासून नवं ग्लुकोज. उपास लांबला तर चरबीपासून निघणारी कीटोन द्रव्यं मेंदूची बरीचशी गरज भागवतात. थोडक्यात, कर्बोदकं न खाताही माणूस जगू शकतो, ग्लुकोजशिवाय नाही.

इन्सुलिन कमी पडलं, किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, की रक्तातली साखर वर राहते. दर १०० मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम, असा तिचा आकडा सांगतात: उपाशीपोटी १०० च्या खाली ठीक, १२६ किंवा त्यावर दोनदा आली तर मधुमेह. जवळपास १८० च्या वर मूत्रपिंडाला सगळी साखर परत ओढून घेता येत नाही आणि ती लघवीत उतरते. लघवीला मुंग्या लागण्याची जुनी खूण यातलीच.

इथे आपल्या लोकांचा एक वेगळा प्रश्न आहे, आणि तो पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर लावून धरला. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) २२.३, म्हणजे कागदावर सारखेच सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त, विशेषतः पोटाभोवती. स्नायू हेच ग्लुकोजचं सर्वांत मोठं कोठार, हे आठवलं की 'मी तर जाड नाही, मला कसला डायबेटिस' या वाक्यात काय गफलत आहे ते कळतं.

न पचणारं कुणासाठी

जे विकरांच्या हाती लागलं नाही ते मोठ्या आतड्यात पोचतं: चोथा, शिळ्या भातातला हट्टी स्टार्च, कडधान्यांतल्या रॅफिनोजसारख्या छोट्या साखळ्या. तिथले सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात. वाल-पावटे खाल्ल्यावर जो वायू होतो तो त्यांच्याच जेवणाचा धूर. भिजवून पाणी फेकलं की थोडा कमी होतो. पण वायूबरोबर अॅसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट ही लहान आम्लंही तयार होतात. म्हणजे बैलाच्या पोटातलीच. त्यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन आहे. पचणारं कर्बोदक ग्रॅमला ४ कॅलरी देतं, तंतू, म्हणजे हाच चोथा किंवा फायबर, अशा आडवाटेने २ च्या आसपास. मोठ्या माणसाने दिवसाला निदान २५ ग्रॅम तंतू खावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भात-बटाटा-बिस्किटांच्या आहारात ते भरत नाहीत.

आईच्या दुधातही बाळाला न पचणाऱ्या साखळ्या असतात, लिटरला ५ ते १५ ग्रॅम. पाणी सोडलं तर लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर प्रमाणात तिसरा नंबर त्यांचाच. त्या बाळासाठी नसून त्याच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरिया जंतूंसाठी असतात, आणि ते जंतू वाढले की उपद्रवी जंतूंना जागा उरत नाही.

साखरेच्या अशा छोट्या साखळ्या आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावरही असतात, खायला नव्हे तर ओळखीला. ए आणि बी रक्तगटांत फरक असतो तो टोकाच्या एका साखरेचा, आणि ओ गटात ती नसते. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसं आढळली, ज्यांच्यात ओ गटाचा पायाही पुरा नव्हता. तिथली फ्युकोज नावाची साखरच जोडलेली नव्हती. हाच 'बॉम्बे' रक्तगट. अशा माणसाला ओ गटाचं रक्तही चालत नाही.

ताटापाशी

कुठल्या पदार्थाने रक्तातली साखर किती चढते हे मोजायला टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी १९८१ मध्ये ग्लायसेमिक निर्देशांक आणला. ५० ग्रॅम कर्बोदक असेल इतका पदार्थ खायला द्यायचा, दोन तास साखर मोजायची आणि ग्लुकोजशी तुलना करायची. उपयोगी आहे, पण त्यावर आंधळी भिस्त नको. कलिंगडाचा आकडा चढा येतो, पण त्यात बहुतेक पाणीच. ५० ग्रॅम कर्बोदक मिळायला अर्ध्या किलोहून जास्त गर खावा लागेल. शिवाय आपण नुसता भात खातो कधी?

वरण, उसळ, भाजी, तूप, ताक यांबरोबर गेलेला भात जठरातून सावकाश पुढे सरकतो. कोशिंबीर आणि उसळ आधी, भात नंतर असा क्रम ठेवला तरी चढ कमी होतो. अख्ख्या हरभऱ्याच्या उसळीत स्टार्च पेशींच्या भिंतींत अजून बंद असतो, बेसनात त्या भिंती जात्याने फोडलेल्या असतात. संत्रं खाल्लं तर चोथा सोबत येतो, रस गाळला की साखर राहते.

साबुदाणा हा या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाचा. टॅपिओकाच्या कंदातून धुऊन काढलेला स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये ८५ हून जास्त ग्रॅम कर्बोदक आणि प्रथिन जेमतेम नावाला. खिचडीत शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने पडतं म्हणून ती सावरते. (टॅपिओका, बटाटा, शेंगदाणा, मिरची हे सारे अमेरिका खंडातून आलेले. आपल्या एकादशीला चालतात, आणि 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणायचीही सोय करून देतात.) गुळाबद्दल मात्र मी कठोर आहे. चव साखरेहून किती तरी चांगली, पण तोही मुख्यतः सुक्रोजच. मधही मुक्त साखरेतच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्या बरोबरीनेच मोजतात. दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली मुक्त साखर असावी असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. २००० कॅलरींच्या आहारात ते ५० ग्रॅम, आणि ५ टक्के जमलं तर आणखी चांगलं.

आणि आता भाकरीवाल्यांना न आवडणारी गोष्ट. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीने २०२३ मध्ये भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. तिच्याच २०२५ च्या आहारविषयक निष्कर्षांत दिसलं, की भारतीयांच्या ऊर्जेपैकी जवळपास ६२ टक्के कर्बोदकांतून येते. पुढचं वाचून मलाही नवल वाटलं: पांढऱ्या तांदळाऐवजी किंवा मैद्याऐवजी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाची जोखीम कमी झालेली आढळली नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी-कडधान्यं किंवा दूध-दह्यातल्या प्रथिनांनी घेतला तेव्हा मात्र ती कमी आढळली. ज्वारी-बाजरी-नाचणीत तंतू आणि खनिजं जास्त, हे खरंच आहे. मी भाकरी सोडणार नाही. पण ज्वारीतही ७० टक्क्यांच्या आसपास कर्बोदकंच असतात, आणि बारीक दळल्यावर त्यांची वाट आणखी मोकळी होते. तिसऱ्या भाकरीऐवजी दुसरी वाटी उसळ, असा तो हिशेब आहे.

शतपावलीचंही असंच. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही ग्लुकोज आत ओढतो. जेवणानंतर शंभर पावलांऐवजी दहा-पंधरा मिनिटं चाललं तर त्याचा परिणाम ग्लुकोमीटरवर दिसतो.

कर्बोदकं एकदम तोडून पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरवल्याच्या कहाण्या खऱ्या असतात, पण ती चरबी नसते. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं. साठा संपला की पाणीही जातं, आणि पहिल्या पुरणपोळीला परत येतं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना असा प्रयोग डॉक्टरांना न विचारता करणं धोक्याचं आहे. औषधाचा डोस तेवढाच आणि भात-पोळी निम्म्यावर, असं झालं तर साखर ७० च्या खाली घसरते: दरदरून घाम, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ. शुद्धीवर असलेल्या माणसाला त्या वेळी भाकरी किंवा बिस्किटं देऊन उपयोग नाही, त्यांतलं ग्लुकोज सुटायला वेळ लागतो. तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून द्यावी. पण त्या माणसाला व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही मधुमेहाची गोळीही चालू असेल तर साखरही पुरेशा वेगाने चालणार नाही, कारण सुक्रोजची जोडी तोडणारं विकरच ती गोळी अडवून धरते. अशा घरात ग्लुकोज पावडरचा डबा हाताशी ठेवावा लागतो.